विमानाच्या पायाचं वय

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि घरी भावोजी तर तोंडावरच ‘तोफ’ म्हणतात. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय चोपन्न, अंगकाठी किडकिडीत, डाव्या कानाने जवळजवळ बहिरे. उभा जन्म फिरत्या पंख्यांच्या शेजारी उभं राहून काढला की दुसरं काय होणार? ते विमानाचे मेकॅनिक होते. ‘होते’ म्हणायचं, कारण त्यांची विमान कंपनी सहा वर्षांपूर्वी बुडाली आणि तेव्हापासून हा माणूस घराखालच्या गाळ्यात मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करत बसला होता.

मिक्सर तरी साधासुधा दुरुस्त करतील? नाव नको. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुणार. मग दुरुस्ती झाली की एका जाड कागदावर तारीख, काय काढलं, काय बसवलं, हे सगळं लिहून तो कागद दोऱ्याने मिक्सरला बांधणार. गिऱ्हाइकं हसायची. “अहो काका, मिक्सर आहे, रॉकेट नाही!” भावोजी त्यांच्यासोबत हसायचे आणि कागद मात्र बांधायचेच. ताई म्हणायची, “यांना मिक्सरमध्ये बसून उडायचंय वाटतं.” वरवर हसायची, पण खाली गाळ्याकडे बघताना तिचा चेहरा उतरायचा. मला दिसायचं ते.

मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदीचं काम बघते. नटबोल्टपासून साहेबांच्या फिरत्या खुर्चीपर्यंत सगळं माझ्या हातून येतं. आमचे चार कारखाने चार दिशांना, सगळे आडगावांत. तिथल्या धावपट्ट्या इतक्या आखूड की मोठी विमानं तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि रस्त्याने जायचं तर आख्खा दिवस आणि कंबर दोन्ही जातात. म्हणून साहेब भाड्याने विमान घ्यायचे. पण भाड्याचं विमान म्हणजे गरजेला कधी जागेवर असेल तर शपथ! एकदा एका खाणीत पाणी भरलं, तातडीने पंप बसवायला हवे होते, आणि आमचे सात इंजिनिअर दोन दिवस विमानतळावर बॅगांवर बसून राहिले. विमान कुठल्याशा गायकाचा ताफा घेऊन गेलं होतं. खाणवाल्यांनी दुसऱ्याकडून पंप घेतले.

त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि झेरॉक्स मशीन मागवावं त्या सुरात म्हणाले, “आपलं स्वतःचं विमान घेऊन टाका.”

मी म्हटलं, “साहेब, विमान?”

“हो. वापरलेलं चालेल. पंख्याचं. छोट्या धावपट्टीवर उतरतं ते. बघा काय ते.”

बघा काय ते! मी आयुष्यात जुनी वस्तू घेतली ती एक स्कूटर, आणि तीही दुसऱ्या आठवड्यात बंद पडली. पण चार दलालांना फोन केले, आणि त्यातल्या एकाने महिन्याभरात विमान शोधलं. हा दलाल इतका गोड बोलायचा की फोन ठेवल्यावर कान धुवावासा वाटायचा, म्हणून मी त्याचं नाव ‘मधाळ’ ठेवलं. विमान पूर्वी छोट्या शहरांमध्ये प्रवासी नेणारं, चाळीस-बेचाळीस आसनांचं. निम्म्याहून जास्त खुर्च्या काढायच्या, मध्ये टेबल टाकायचं, झालं आमचं उडतं ऑफिस. मधाळ म्हणाला, “ताई, डोळे झाकून घ्या.” मला डोळे झाकून घ्या म्हणणाऱ्या माणसाचा मनस्वी राग येतो. मी साहेबांना सांगितलं की आमच्या घरात एक माणूस आहे, तो डोळे उघडे ठेवून बघेल.

साहेब भावोजींशी दहा मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, “तुम्ही तपासा. तुम्ही हो म्हणालात तर घेऊ, आणि घेतलं तर सांभाळायलाही तुम्हीच. मुख्य मेकॅनिक. तुम्ही नाही म्हणालात तर माझं भाड्याचं चाललंय ते बरं आहे.”

म्हणजे सरळ हिशेब होता. विमान चांगलं निघालं तर भावोजी पुन्हा विमानांच्या हँगरमध्ये, नाही तर पुन्हा मिक्सर. घरी आल्यावर ताईने त्यांचा जुना निळा डगला पेटीतून काढला, झटकला, आणि त्याला नाक लावून उभीच राहिली. “अजून तेलाचा वास येतोय गं,” म्हणाली, आणि रडायला लागली. भावोजी त्या दिवशी गिऱ्हाइकाला इस्त्रीऐवजी मिक्सर देऊन बसले.

आणि गंमत बघा, मधाळने पाठवलेला विमानाचा नंबर वाचून भावोजी ताडकन उठले. “अगं, ही आमच्याकडचीच आहे! आमच्या कंपनीतली!” विमानाला ते ‘ती’ म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीला वर्षभर ते त्या हँगरला होते, मग बदली झाली. ती पुढे तीन मालकांकडे फिरून आता विकायला उभी होती.

चार तास गाडीने जाऊन आम्ही त्या विमानतळावर पोचलो. मी विमानात बसले आहे, नाही असं नाही. पण बसताना आपण खिडकीची जागा आणि चहा यापलीकडे काय बघतो? हँगरचा दरवाजा बाजूला सरकला आणि समोर ती उभी. बाई गं! पंख वर, माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, आणि त्याला टांगलेली दोन इंजिनं. पंख्याचं एकेक पातं माझ्याहून उंच. आणि हे सगळं प्रचंड धूड तीन सडपातळ पायांवर उभं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तोफ पहिल्यांदाच थंड पडली, असं भावोजी नंतर घरी सांगत होते.

आत जाऊन बघावं म्हणून मी निघाले, तर त्यांनी हाताने थांबवलं. आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ते विमानाभोवती चालायला लागले. हळूहळू, नाकापासून शेपटीपर्यंत, परत नाकापर्यंत. काही हात लावला नाही, काही बोलले नाहीत. मधाळ घड्याळ बघत होता. दुसरी फेरी झाली. मी विचारलं, “अहो, तपासायला कधी सुरुवात करणार?”

“पहिल्या दोन फेऱ्यांत हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “हात लावला की माणूस हात लावलेलंच बघतो.”

तिसऱ्या फेरीला त्यांनी हात काढले. आणि मग मी जे बघितलं ते कसं सांगू? हाच माणूस घरी पाण्याचा पेला उचलताना सांडतो, म्हणून ताई ओरडत असते. तोच माणूस डोळे मिटून बोटांची टोकं पत्र्यावरून नेत होता, आणि एका जागी थांबून म्हणाला, “इथे कधीतरी शिडी आपटली होती. नंतर पत्रा सरळ केलाय.” मी तिथे डोळे फाडून बघितलं, मला काही दिसेना. तिथल्या मेकॅनिकने वही काढली, आणि खरंच, नऊ वर्षांपूर्वी शिडी आपटली होती! मधाळचं हसू जरा आवळलं. इंजिनाच्या खाली उभं राहून भावोजींनी नुसता वास घेतला आणि कुठली नळी कधी बदलली असेल ते सांगितलं. मी तेवीस वर्षं खरेदी करते आहे. हजार माल तपासणारे बघितले. असं मी काही बघितलेलं नव्हतं. आपल्या घरात रोज जेवायला बसणारा माणूस आपल्याला माहीतच नसतो, याची मला त्या हँगरमध्ये लाज वाटली.

दोन दिवस विमान झालं, तिसऱ्या दिवशी कागद. विमानाचे कागद म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. नऊ खोके! जन्मल्यापासून तिच्या अंगाला कोणी कधी हात लावला, कुठला भाग काढला, कुठला घातला, प्रत्येक ओळीखाली त्या मेकॅनिकची सही आणि त्याच्या स्वतःच्या नंबरचा शिक्का. मधाळने एक छापील गोषवारा पुढे केला. “काका, यात सगळं आहे, बारा पानांत.”

“गोषवारा नको, वह्या द्या,” भावोजी म्हणाले. हात धुऊन आले, कोपरापर्यंत, आणि पहिल्या खोक्याच्या पहिल्या पानापासून वाचायला बसले. मी शेजारी बसून ते सांगतील ते टिपून घेत होते.

दुपारी चौथं खोकं निघालं आणि भावोजींचा चेहरा खुलला. त्यांच्या हँगरचं वर्ष आलं होतं. “हा बघ, हा आमचा फोरमन. हा शिक्का कोणाचा, माहितीये? डब्यातलं लोणचं चोरणारा होता एक.” मग एका पानावर बोट ठेवून अगदी लहान मुलासारखं म्हणाले, “एकशे सतरा! हा माझा! त्याच वर्षी मिळाला होता.” मी वाकून बघितलं. कोवळं, टापटीप अक्षर, खाली गोल शिक्का. मलासुद्धा भरून आलं.

दोन पानं पुढे गेले आणि ते थांबले. बोट ओळीवरच राहिलं. मी म्हटलं, “काय लिहू?” ते उठले, टॉर्च घेतला, हँगरमध्ये गेले, विमानाच्या उजव्या पायाखाली उकिडवे बसले आणि त्यावरचा नंबर वाचून आले. परत ती ओळ वाचली. मग वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसले. चेहरा पांढराफटक.

“भावोजी, काय झालं? छातीत दुखतंय का?”

“चल बाहेर,” ते म्हणाले.

हँगरच्या मागे नळ होता, तिथे उभं राहून त्यांनी मला समजावलं. मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल. चाकं ज्याला लावलेली असतात तो विमानाचा पाय. त्याचं वय वर्षांत मोजत नाहीत, विमान किती वेळा उतरलं त्यावर मोजतात. साठ हजार वेळा उतरलं की तो पाय काढून टाकायचा, मग तो दिसायला कितीही धडधाकट असो. कारण आतली खीळ कधी तडकेल ते बाहेरून दिसत नाही. आता एका विमानाचा पाय काढून दुसऱ्याला बसवला, तर पायाने आपलं वय सोबत घेऊन जायला हवं.

“आणि मी काय केलं,” भावोजी म्हणाले, “या विमानाचा जुना पाय काढला, तो आठ हजाराचा होता. त्याच्या जागी कंपनीतल्या सगळ्यात जुन्या विमानाचा पाय बसवला. तो तेव्हाच तीस हजार वेळा उतरलेला होता. आणि मी वहीत आठ हजारावरूनच पुढे मोजणी चालू ठेवली. नव्या भाडेकरूच्या नावापुढे जुन्या भाडेकरूचं वय लिहिलं गं मी. कागदावर हा पाय आज एकेचाळीस हजाराचा आहे. खरा त्रेसष्ट.”

“म्हणजे संपलेला?”

“संपलेला. आणि अजूनही उडतोय.”

पण माझं डोकं खरेदीवालीचं. मी लगेच म्हटलं, “अहो मग सोपं आहे! पाय बदलून मागू. कारण काय, काहीही सांगू. गंज दिसला म्हणा. नवा पाय लागेल, विमान सुरक्षित होईल, तुमची नोकरी राहील, आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचं कोणाला कळायचंही नाही.”

“एकच असता तर कदाचित मीही तसंच केलं असतं,” ते म्हणाले. “मला तेव्हा वाटायचं, मोजणी विमानाची असते. मी असंच करायचो. त्या वर्षी मी चार पाय बदलले. हा एक. तीन कुठेतरी आहेत.”

“मग तुम्हाला कधी कळलंच नाही?”

“कळलं. चार महिन्यांनी प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवलं तेव्हा कळलं. मी फोरमनला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, बघतो. मग माझी बदली झाली.” पुढे म्हणाले, “त्याने नोंद सुधारली असेल असं धरलं. मी परत विचारलं नाही.”

डोक्यात तिडीक गेली माझ्या! “सत्तावीस वर्षं काही झालं नाही, आणि आता तुम्हालाच सापडायचं होतं का? ताईने डगला धुऊन ठेवलाय! सहा वर्षं ती गाळ्याकडे बघून झुरते आहे, ते दिसत नाही तुम्हाला? त्या फोरमनने बघतो म्हटलं, तर त्याचं पाप! तुम्ही कशाला डोक्यावर घेताय?” आणखीही बरंच बोलले. काय काय बोलले ते लिहायला नको. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग म्हणाले, “तोफे, त्या तीन विमानांत आत्ता कोणीतरी बसलं असेल.”

मी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.

चौथ्या दिवशी साहेब सही करायला आले. कोट घालून, खुशीत. हँगरच्या बाजूच्या खोलीत टेबलाभोवती साहेब, मधाळ, भावोजी आणि मी. मधाळने पेनाचं टोपण काढूनच ठेवलं होतं. भावोजी उभे राहिले आणि मला नळापाशी सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पाडला नाही.

मधाळ हसला. “अहो काका, कागद तर जुळताहेत ना सगळे?”

“कागद जुळतात. मीच जुळवलेत.”

साहेबांनी विचारलं, “म्हणजे? चूक कोणाची?”

“माझी,” भावोजी म्हणाले, आणि वही उघडून शिक्क्यावर बोट ठेवलं. “एकशे सतरा. हा मी.”

मधाळ पुढे वाकून अगदी आपुलकीने म्हणाला, “काका, हे तुमच्या माझ्यात राहू दे की. हा नंबर तुमचा आहे हे तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलं असतं?”

“म्हणून तर सांगितलं,” भावोजी म्हणाले.

साहेबांनी पेनाला टोपण घातलं. “तुम्हाला माहिती आहे ना, यावर तुमची नोकरी होती?”

“हो.”

साहेब माझ्याकडे वळले. चेहरा लालबुंद. “महिनाभर वाया! तुम्ही कुठल्या माणसाला आणलंत हो?”

आणि मग मला राहवलं नाही. काल नळापाशी मीच त्या माणसाला नाही नाही ते बोलले होते. आज तीच मी उठून उभी राहिले. “साहेब, मी असा माणूस आणलाय की जो स्वतःच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला खरं सांगतोय. असा दुसरा आणून दाखवा, मी आज राजीनामा देते!” साहेब उठून गाडीत जाऊन बसले.

त्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर मी माझ्याच टेबलावर भावोजींचं पत्र टाइप केलं. विमान वाहतूक खात्याला. चार विमानांचे नंबर, चार तारखा, कुठल्या पायाच्या जागी कुठला. एक वहीतून मिळाला, तीन त्यांनी तोंडपाठ सांगितले. मी लिहिलं होतं, ‘माझ्याकडून अनवधानाने.’ त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“अनवधान काढ.”

“अहो, पत्रात तसंच लिहितात.”

“अनवधान नव्हतं. मला येत नव्हतं, आणि कळल्यावर मी एकदा सांगून गप्प बसलो. तसं लिही.”

मी तसं लिहिलं. टाइप करताना कळा दिसेनात मला. तेवीस वर्षं मी लोकांची पत्रं वाचते. चुकलेला माल, उशिरा आलेला माल, फुटलेला माल, आणि प्रत्येक पत्रात दोष ट्रकवाल्याचा, पावसाचा, संपाचा. ‘मी’ हा शब्द त्या पत्रांत मला कधी भेटलाच नव्हता. इथे पानभर तोच होता. पत्राखाली सही करून त्यांनी खिशातून शिक्का काढला. सुपारीएवढा पितळी तुकडा, कडा झिजलेल्या. लायसन्ससोबत तोही पाकिटात घातला.

घरी ताईने ऐकलं, आणि माझ्यापेक्षा तीच जास्त भडकली. “नोकरी गेली तर गेली, पण शिक्का कशाला दिलात हो? तो काय मागितला होता का कोणी?” भावोजी म्हणाले, “मागतीलच.” ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिली. मग बाहेर येऊन त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “जेवून घ्या.” डगला परत पेटीत गेला.

खात्याने चौकशी होईपर्यंत लायसन्स थांबवलं आणि जगभर सूचना पाठवली. साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. विमान घेणं रद्द, पुन्हा भाड्याचं सुरू. नवव्या दिवशी त्या भाड्याच्या विमानाच्या पायऱ्या चढताना साहेब मध्येच थांबले आणि पायलटला म्हणाले, “याचा पाय कोणी बदललाय? कागद दाखव.” पायलट चाट! साहेबांनी खरोखर कागद बघितले, त्यातलं त्यांना ओ की ठो कळलं नाही, आणि मग बसले. आमच्या इंजिनिअरांनी हे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

महिन्याभराने मधाळचा फोन आला. मुद्दाम केला होता मेल्याने. “ताई, तो पाय काढून तपासला बरं का. आत काहीही नव्हतं, ठणठणीत. उगाच बिचाऱ्या काकांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.” मी फोन आपटला. मग भावोजींना सांगितलं. ते इस्त्रीची तार ओवत होते. “काही नव्हतं? बरं झालं,” म्हणाले. चेहऱ्यावर खरंच बरं वाटलेलं दिसत होतं. मला मात्र रडू फुटायचंच बाकी होतं. इतकं सगळं गमावलं ते कशासाठी, हे रोज मनात यायचं. देवाशी सुद्धा भांडले मी.

अडीच महिने झाले असतील. सुट्टीचा दिवस होता, मी ताईकडेच होते. सकाळी अकराला गाळ्यातला फोन वाजला. कुठल्यातरी लांबच्या देशातून, बेटांवरून. पलीकडचा माणूस मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारत होता, “वन वन सेव्हन? वन वन सेव्हन?” मी फोन स्पीकरवर टाकला आणि भावोजींच्या उजव्या कानाशी धरला. तो तिकडचा मेकॅनिक होता. त्याने खात्याकडून नंबर मिळवला होता. तो एकेक वाक्य बोलायचा, मी मराठीत सांगायचे.

सूचना आली म्हणून त्यांनी त्यांच्या विमानाचे कागद काढले. एकशे सतराचा शिक्का सापडला. पाय काढला, उघडला. आतल्या खिळीला तडा होता. करंगळीच्या नखाएवढा, आतल्या बाजूने. अजून किती वेळा उतरलं असतं, तो म्हणाला, देवालाच ठाऊक. ते विमान बेटांमध्ये दिवसाला सहा फेऱ्या करतं. शाळेची मुलं असतात, दवाखान्यात जाणारी माणसं असतात.

मग तो म्हणाला, “रविवारी मी माझ्या आईला त्यात बसवलं होतं.”

हे वाक्य मला मराठीत सांगावं लागलंच नाही. भावोजींना ‘मदर’ कळलं होतं. त्यांनी फोनकडे तोंड नेऊन अगदी सावकाश मराठीत विचारलं आणि मी ते इंग्रजीत सांगितलं, “नवा पाय बसवला ना? त्याचं वय त्याच्याच कार्डावर लिहिलं ना?” पलीकडून “येस, येस, सर” आलं. “बरं,” भावोजी म्हणाले. फोन बंद झाला.

ताई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली. मीही रडत होते, हसतही होते, काय करत होते मलाच कळत नव्हतं. मी भावोजींचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, “अहो, सापडलं! वाचली सगळी माणसं! तुमच्यामुळे वाचली!”

“माझ्यामुळेच मरत होती गं,” ते म्हणाले. हात सोडवून घेतले नाहीत, पण नजर गाळ्यातल्या कॅलेंडरवर होती. मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. मग माझ्याकडे वळले.

“अजून दोन राहिलेत,” भावोजी म्हणाले. “उद्या ऑफिसातून थोडी लवकर सुटशील का? परत एक पत्र लिहू.”